नोंदणीचे दोन दिवस

निवास गुरवचा मोबाईल मी स्वतःच्या हातानं बंद केला आणि शैलजाच्या तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी ठेवून दिला. तो माडीच्या जिन्यावर बसून बघत होता.

"काका, आईचा फोन येतो रोज सांजचं," तो म्हणाला.

"उद्या दुपारी सही झाली की देतो तुझ्या हातात. मग बस की बोलत दिवसभर," मी म्हणालो. "एका दिवसात काय आई रुसत न्हाई."

तो हसला. बावीस वर्षांचा पोरगा, अंगानं शिडशिडीत, बोलायला लाजरा. आजऱ्याच्या बाजूच्या एका वाडीतला. त्याच्या डाव्या पायात काय होतं देव जाणे, पण ते वर्षभर आमच्या बुरूज तालमीसाठी चालावं म्हणून मी त्याला सकाळच्या एसटीतनं उतरवून, डोक्यावर टॉवेल टाकून, मागच्या बोळातनं घरात आणला होता. शैलजा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, नवरी पळवून आणल्यागत काय चाललंय हे? मी म्हणालो, नवरी परवडली. नवरीला कमान तालमीवाले पळवत नाहीत.

ही २००९ सालची गोष्ट. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की बाहेरचा माणूस आधी हसतो. कुस्तीचं गाव, यांना कुठला फुटबॉल? पण आमच्याकडं पेठेपेठेत तालीम आहे, तालमीत मारुती आहे, कुस्तीचा लाल मातीचा हौदा आहे, आणि हौद्याशेजारच्या कपाटात फुटबॉलचे बूट आहेत. प्रत्येक तालमीचा संघ वेगळा, रंग वेगळा, भांडणं वेगळी. सीझनच्या आधी असोसिएशनच्या ऑफिसात तीन दिवस खेळाडूंची नोंदणी चालते. एका संघाला वीस खेळाडू. प्रत्येकानं स्वतः येऊन फॉर्मवर सही करायची. एकदा सही केली की वर्षभर तो त्या तालमीचा, मग आभाळ कोसळलं तरी बदल नाही. त्यामुळं कोण कुणाकडं जातोय, कुणाला कोण फोडतोय, याचीच चर्चा महिनाभर. मॅचला आलेल्या माणसाला वाटतं सीझन मैदानावर सुरू होतो. आम्हाला माहीत असतं, अर्धा सीझन त्या तीन दिवसांतच खेळून झालेला असतो.

माझं तालमीला लागून मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी यायच्या, मी त्यांची तार काढून नवीन भरायचो. दुकानाच्या पत्र्याच्या दारावर दरवर्षी नोंदणीच्या आधी मी खडूनं वीस नावांची यादी लिहायचो. बुरूजनं कुणाला घ्यावं, कुणाला सोडावं, ही माझी यादी. मला तालमीत कुठलंही पद नव्हतं. पण गल्लीतली माणसं दूध घ्यायला जाताना थांबून ती यादी वाचायची, वाद घालायची, एखादा हळूच एखादं नाव पुसून जायचा. चार वर्षं मी नऊ नंबरची, म्हणजे गोल मारणाऱ्याची, जागा कोरी ठेवली होती. त्या जागेच्या लायकीचा माणूस मला दिसलाच नव्हता. आणि अकरा वर्षं बुरूजकडं कप आला नव्हता. कप येईपर्यंत मी चहातली साखर सोडली होती. पाहुणे विचारायचे, शुगर झालीय का? शैलजा सांगायची, न्हाई, फुटबॉल झालाय.

त्या मे महिन्यात गडहिंग्लजच्या एका स्पर्धेत मी निवासला पाहिलं. आमचे क्रीडाप्रमुख अण्णा जगदाळे माझ्या शेजारी बसले होते. पोरानं कॉर्नरच्या झेंड्याजवळ बॉल घेतला, दोघांना चकवलं, आणि जागा नसताना गोल मारला. अण्णा माझ्याकडं वळले. मी खिशातला खडू काढून दाखवला. खडू मी खिशात घेऊनच हिंडायचो. घरी आल्या आल्या पहिल्यांदा नऊ नंबरला नाव लिहिलं, निवास गुरव. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते पुसायला लावलं. कमानवाले वाचतील म्हणाले.

कमान तालीम म्हणजे रस्त्यापलीकडची पेठ. त्यांचं आणि आमचं तीन पिढ्यांचं जमत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही बचावातला एक भारी खेळाडू ठरवला होता, नोंदणीपर्यंत लॉजवर ठेवला होता. कमानची दोन माणसं तोंड पाडून तिथं गेली, तुझी आजी पडलीय, लगेच चल म्हणाली. पोरगं रडत गाडीत बसलं. आजी घरात खणखणीत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं कमानच्या फॉर्मवर सही केली. काय देऊन, काय बोलून करवली ते त्यांनाच ठाऊक. शहरात आमचं हसं झालं. म्हणून यावेळी अण्णांनी लॉज नको म्हणून सांगितलं. कुणाच्या तरी घरात ठेवायचं, मोबाईल काढून घ्यायचा, आणि दारात कुणीही येऊन आई मेली, बाप मेला सांगू दे, पोराला कळता कामा नये. घर माझं ठरलं. मला एवढा मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

निवास माडीवर राहिला. एकच रात्र काढायची होती. सकाळी आल्या आल्या त्यानं सहा आंबोळ्या खाल्ल्या, शैलजा खूश झाली. मग बोलता बोलता खुलला. वडील लहानपणी गेले, आईनं देवळाची सेवा करून, लोकांच्या शेतात राबून वाढवलं. ती प्रत्येक मॅचला यायची म्हणाला. नियम एकही कळत नाही, गोलपोस्टच्या मागं पदर खोचून बसते. वर घरी आल्यावर ओरडते, सारखा तूच का मारतोस, दुसऱ्यांना पण मारू दे की. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मी म्हणालो, बुरूजची मॅच असली की आईला घेऊन ये, पहिल्या रांगेत बसवतो, आमच्या बायका तिला नियम शिकवतील. खरं तर आमच्या बायकांनाही नियम येत नव्हते, पण शिव्या येत होत्या.

बारा वाजता मटण झालं. निवास जेवला आणि वर जाऊन आडवा झाला. मी खाली येऊन दुकानात बसलो. आमच्या घराचं दार आणि दुकान शेजारी शेजारी, दाराला तीन पायऱ्या, बाजूला भिंतीवर विजेचा मीटर. एक मोटार उघडून मी जळकी तार ओढत होतो, तेवढ्यात समोर सावली पडली.

एक म्हातारा उभा होता. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. पिंढऱ्यांपर्यंत धूळ.

"बुरूज तालमीजवळचं मोटारीचं दुकान ह्येच न्हवं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणालो.

"आमचा निवास हितं हाय. मी मामा त्येचा, येसबा. आईला त्याच्या बरं न्हाई. आज सकाळच्याला त्यो निघाल्यावर गडहिंग्लजला दवाखान्यात घातलीया. तेवढं त्येला धाडा माझ्यासंगं."

खरं सांगतो, मला पहिल्यांदा हसू आलं. आनंदच झाला म्हणा ना. गेल्या वेळी आजी, यावेळी आई. कमानवाल्यांना दोन वर्षांत नवीन काही सुचलं नव्हतं. फक्त माणूस चांगला शोधला होता. धूळसुद्धा लावून पाठवली होती. मी मनात म्हणालो, उदय सरनाईकाच्या दारात आलाय, आता याला असा खेळवतो की कमानवाले आठवणीत ठेवतील.

सरळ हाकलला असता तर त्यांना कळलं असतं की पोरगा इथंच आहे. म्हणून मी उठलो, हात पुसले आणि गोड आवाजात म्हणालो, "बसा की बाबा. लांबनं आलाय. च्या घ्या आधी." त्याला दाराच्या पायरीवर बसवला. शैलजाला आवाज दिला. तिनं चहा आणला, बशीत दोन बटरं ठेवली. म्हाताऱ्यानं बटरं पिशवीत टाकली, चहा बशीत ओतला. घाईत बशीतला चहा धोतरावर सांडला.

"लई वेळ ठेवून घेत न्हाई मी त्येला," तो म्हणाला. "येक डाव तोंड बघू दे म्हनती. मग परत धाडतो की सहीला. मीच आनून सोडतो."

सही हा शब्द त्याच्या तोंडून आला आणि माझी उरलीसुरली शंका गेली. खेडेगावच्या म्हाताऱ्याला सहीचं काय माहीत? मी तोंड गंभीर करून सांगितलं, निवास इथं नाही. सकाळीच त्याला कसबा बावड्याला हलवलाय. बावड्याच्या पुढं, नदीकडच्या रस्त्याला, विहिरीला लागून आमच्या एका माणसाचा मळा आहे, तिथं ठेवलाय. असा मळा नव्हता. माझा माणूसही नव्हता. मी रस्त्यावर जाऊन ओळखीची रिक्षा थांबवली, भाडं माझ्याकडं असं खुणेनं सांगितलं आणि म्हाताऱ्याला हात धरून बसवला. त्यानं रिक्षातनं मला दोन्ही हात जोडले.

"देवागत भेटलासा," तो म्हणाला.

रिक्षा वळली तशी मी हसत मागं फिरलो. शैलजा पायरीवरची कपबशी उचलत होती. ती हसली नाही.

"म्हातारं रडत होतं," ती म्हणाली.

"पैसे घेऊन रडायला काय लागतंय," मी म्हणालो.

"एकदा विचारून तरी बघायचं पोराला."

मी तिला गप्प केलं. तुला यातलं काय कळतं, असंही म्हणालो. तीस वर्षांच्या संसारात मी तिला हे वाक्य किती वेळा बोललो असेन त्याचा हिशेब नाही, पण ते आठवतं ते त्या दिवशीचंच.

वर गेलो तर निवास उठून बसला होता. डोळे चोळत म्हणाला, "कोण आलतं काका? कुणाचा तरी आवाज आल्यागत वाटला."

"वीजबिलवाला," मी म्हणालो. "झोप तू."

तो परत आडवा झाला. माझ्या पायाखालच्या फळ्यांच्या खाली ती पायरी होती. दहा फुटांचं अंतर असेल नसेल.

संध्याकाळी मी हा किस्सा तालमीत सांगितला. म्हाताऱ्याचा आवाज काढून दाखवला, बशीतला चहा सांडून दाखवला. माणसं हौद्याच्या कट्ट्यावर गडबडा लोळली. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की उदयसारखी दोन डोकी तालमीत असती तर अकरा वर्षं कप अडला नसता. मग माझा पत्ता कमानवाल्यांना कुणी सांगितला यावर तासभर चर्चा झाली. गल्लीतल्या एका दोघांवर संशय घेऊन झाला. एका गरीब वडापाववाल्याला उगाच फैलावर घेतलं. पत्ता दुसरीकडनंही जाऊ शकतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही निवासला घेऊन असोसिएशनच्या ऑफिसात गेलो. पुढं दहा मोटारसायकली, मागं दहा. त्यानं फॉर्मवर सही केली, ठळक अक्षरात, शाळेतल्या मुलासारखी नाव पूर्ण लिहून. बाहेर आला तसा पहिला गुलाल मी लावला. कपाळाला लावला, गालाला लावला, आणि उरलेली मूठ केसात ओतली. फटाक्यांची माळ लागली. कमानची चार माणसं समोरच्या चहाच्या गाडीवर उभी होती. त्यातल्या एकाला मी लांबूनच ओरडून विचारलं, म्हातारा बावड्यातनं परत आला का रे? त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. त्याला काही कळलं नाही, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं नाटक करतोय.

घरी आलो. शैलजानं निवासला ओवाळलं. मी तांदळाचा डबा ओढला, मोबाईल काढला, पुसला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो सुरू केला.

मोबाईल वाजायला लागला. एकामागून एक मेसेज येत होते, मिस कॉलचे. पाच, दहा, पंधरा. मी हसत म्हणालो, बघ, कमानवाले किती रडत होते तुझ्यासाठी. निवास स्क्रीनकडं बघत होता.

"गावातल्या दुकानाचा नंबर हाय," तो म्हणाला. "सगळे तेच हायत."

त्यानं फोन लावला. पलीकडं कुणीतरी उचलला. निवास फक्त ऐकत होता. मध्ये एकदा "कधी" म्हणाला. मग "आलोच" म्हणाला. फोन खाली घेतला आणि गुलालानं लाल झालेल्या तोंडानं माझ्याकडं बघितलं.

"आई गेली," तो म्हणाला. "पहाटे. माझ्यासाठी थांबल्यात."

शैलजाच्या हातातलं ताट खाली पडलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मला वाटलं, हे पण कमानवाल्यांचंच असेल. सही झाली तरी सोडत नाहीत. एवढंच मनात आलं, आणि मग पायरीवर बसलेला तो म्हातारा आठवला.

अण्णा जीप घेऊन आले. निवास मागं बसला, मी त्याच्या शेजारी. कागलच्या पुढं एका पेट्रोलपंपावर मी अण्णांना थांबायला सांगितलं आणि निवासला नळाखाली नेला. तो लहान मुलासारखा खाली वाकून उभा राहिला. मी त्याचं डोकं धुतलं, तोंड धुतलं. गुलाल जाता जात नव्हता. पाणी लाल होऊन त्याच्या शर्टावर येत होतं. शेवटी मी माझा शर्ट काढून त्याला दिला आणि बनियनवर जीपमध्ये बसलो.

निपाणी मागं पडलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. खिडकीबाहेर बघत बोलत होता.

"परवा रात्रीच मी आईला पत्ता सांगितला होता. बुरूज तालमीजवळ मोटारीच्या दुकानात असतोय म्हणून. शुक्रवारी सही हाय, ते पण सांगितलं होतं. फोन लागला न्हाई तर कुणीतरी यायला पाहिजे होतं. कसं कोण आलं न्हाई?"

अण्णांनी आरशात बघितलं. माझे आणि त्यांचे डोळे आरशात भेटले. आदल्या दिवशी माझी नक्कल बघून सगळ्यात मोठ्यानं अण्णाच हसले होते. त्यांनी नजर रस्त्यावर नेली आणि गाडी हळू केली, का केली त्यांनाही कळलं नसेल.

तिथून वाडीपर्यंत तासभर. त्या तासात मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. एकदा त्याला पाणी पाहिजे का विचारलं. एकदा ऊन लागतंय का विचारलं. तिसऱ्यांदा काहीच विचारलं नाही. मनात मी स्वतःला समजावत होतो की तो म्हातारा खरंच कमानचा असेल, आणि आईचं आजारपण हा योगायोग असेल. असे योगायोग घडतात. त्या एका योगायोगासाठी मी त्या तासात जेवढी देवाची करुणा भाकली, तेवढी अकरा वर्षांत कपासाठी भाकली नव्हती.

वाडीत घर शोधावं लागलं नाही. रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. अंगणात आईला ठेवलं होतं, उशाशी पणती. निवास जीपमधून उतरला आणि धावत गेला. बायकांचा आक्रोश उठला. मी अंगणाच्या कडेला फणसाखाली उभा राहिलो, बनियनवर, हात लाल. जवळची एक बाई दुसरीला सांगत होती, पहाटेपातूर शुद्धीत होती, दवाखान्याच्या दारात पाऊल वाजलं की विचारायची, आला का.

घरातून एक म्हातारा बाहेर आला. हातात माहेरचं नवं लुगडं होतं, बहिणीवर घालायला आणलेलं. धोतर, टोपी. तो खाली बसला, लुगडं पायाशी ठेवलं आणि भाच्याला जवळ घेतलं. मी फणसाच्या मागं सरकलो. पळून जावं असं वाटलं. त्यानं मान वर केली, आणि मी त्याला दिसलो.

तो उठला. माणसांतनं वाट काढत सरळ माझ्यापुढं आला आणि त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"निवास," तो वळून म्हणाला, "ह्यो मानूस बघ. काल मला ह्येनंच पायरीवर बसवून च्या पाजला. हाताला धरून रिक्षात घातला. तुला बावड्याला ठेवलाय म्हनून सगळी खूण सांगितली, हीर सांगितली, मळा सांगितला. मलाच घावलं न्हाई रं. अंधार पडंपातूर हिंडलो. माझंच चुकलं, लेकरा."

निवास आईच्या उशाशी गुडघ्यावर होता. त्याच्या अंगात माझा शर्ट होता, कानामागं अजून गुलाल होता. त्यानं मामाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बावड्याला तो कधी गेलाच नव्हता, हे तिथं आम्हा तिघांनाच माहीत होतं, त्याला, मला आणि जीपजवळ उभ्या अण्णांना. मी बघितलं, त्याला एक एक गोष्ट आठवत गेली. माडी, दुपार, जेवून लागलेली झोप, खालून आलेला आवाज.

"वीजबिलवाला," तो म्हणाला.

आवाज चढवला नाही. माझ्याकडं बघत म्हणाला. मामाला कळलं नाही, त्यानं माझे हात तसेच धरून ठेवले होते. मला वाटलं होतं निवास अंगावर येईल. यायला पाहिजे होता. मी त्याच्या पायावर पडलो असतो. पण त्यानं मान फिरवली आणि आईच्या कपाळावरचे केस मागं सारले.

तिरडी उचलताना मी खांदा द्यायला पुढं झालो. निवासनं मान हलवली. नको. मी मागं सरलो. माझी जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली.

चौदाव्या दिवशी तो कोल्हापुरात आला. डोक्यावर केस नव्हते. तो तालमीतल्या खोलीत राहिला, आमच्या घराकडं फिरकला नाही. सही झाली होती, दुसरीकडं जाता येत नव्हतं, आणि मला वाटतं जाता आलं असतं तरी गेला नसता, शब्द पाळणारा पोरगा होता. प्रत्येक मॅच खेळला. त्या वर्षी अकरा वर्षांनी कप बुरूजकडं आला. फायनलचा गोल त्याचाच, डाव्या पायाचा. हे सगळं मी रेडिओवर आणि लोकांच्या तोंडून ऐकलं. स्टेडियमची पायरी मी त्यानंतर चढलो नाही.

मिरवणूक आमच्या दारावरून गेली. गल्लीत खेळाडूंना ओवाळायची पद्धत आहे. मी दुकानाच्या पत्र्याच्या दारामागं उभा होतो. फटीतून दिसत होतं. सगळा संघ गुलालात न्हालेला, आणि ट्रकच्या टपावर एकटा निवास पांढऱ्या शर्टात. आईला वर्ष झालं नव्हतं म्हणून त्यानं कुणाला गुलाल लावू दिला नव्हता. शैलजा ताट घेऊन पुढं गेली. तो खाली उतरला, तिच्या पाया पडला, परत वर चढला. आमच्या पायरीकडं त्यानं बघितलं नाही. त्या रात्री शैलजानं माझ्या चहात साखर घातली. मी तो कप तसाच ठेवला.

पुढच्या वर्षी तो भरतीत लागला आणि कोल्हापूर सोडून गेला. त्याच्या मामाला मी दोनदा भेटायला निघालो. दोन्ही वेळा निपाणीच्या स्टँडवरून परत आलो. तालमीत तो किस्सा पुन्हा कुणी सांगितला नाही. यादीही मी परत लिहिली नाही.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. महिन्याच्या महिन्याला मीटर बघायला माणूस येतो. शैलजा त्याला पायरीवर बसवते आणि चहा देते. बदलून बदलून चार माणसं झाली, तिनं एकालाही तसंच जाऊ दिलं नाही. मला ती त्यावरून कधी काही बोलली नाही. आताचा नवीन पोरगा आहे, नेहमी घाईत असतो. मागच्या महिन्यात नको नको म्हणत बसला आणि हसत म्हणाला, "काकू, सगळ्या गल्लीत तुम्हीच एकट्या च्या देताय. का हो?"

मी दुकानात मोटारीची जळकी तार ओढत होतो.

"लांबनं आलायस म्हणून," शैलजा म्हणाली.

मी मान वर केली नाही.